गॅसला वास नसतो

गॅसला वास नसतो. हे वाक्य मी चेन्नईतल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांपुढे, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये इतक्यांदा बोलले आहे की झोपेतून उठवलं तरी बोलेन. नैसर्गिक गॅसला रंग नाही, वास नाही. तुम्हाला येतो तो वास आम्ही घालतो. सडक्या कोबीसारखा, नाक मुरडायला लावणारा, आणि मुद्दाम. एवढं सांगितलं की पुढच्या रांगेतल्या आज्या माझ्याकडे अशा बघतात, जशी काही मी दुधात पाणी घालत असल्याची कबुली दिली. कशाला घालता म्हणून विचारतात. कळावं म्हणून, मी सांगते. गळतोय हे घरात बसलेल्या माणसाला दुसरं काही सांगत नाही, तुमचं नाकच सांगतं. सगळ्या माना हलतात. मग कॉफी येते आणि कोणीतरी काका शांतपणे विचारतात, की तो वास काढून टाकायची काही सोय आहे का. डोकंच फिरतं माझं.

मी मूळची सांगलीची. मेकॅनिकल शिकले, आणि लग्न होऊन इथं आले ते तंजावरकडच्या मराठी घरात. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं. पहिल्या दिवशी त्यांची मराठी ऐकून मला वाटलं, ही मंडळी थेट बखरीतून उठून आली आहेत आणि वाटेत तमिळ हेल उचलून आली आहेत. त्यांना माझी मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. सासऱ्यांना मामंजी म्हणायची त्यांच्याकडची रीत. आमच्याकडे आता हा शब्द कोणी वापरत नाही, पण मला आवडला आणि मी तो उचलला.

मामंजी रेल्वेच्या हिशोब खात्यातून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, कपाळावर गोपीचंदन, आणि बोलणं असं तिरकस की समोरच्याला घरी गेल्यावर कळावं. मी गॅसच्या कंपनीत लागले तेव्हा काम काय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, उत्तरेकडच्या बंदराकडून पोलादी नळातून गॅस शहरात येतो, त्याचा दाब अफाट असतो. तो टप्प्याटप्प्यानं उतरवायचा. रस्त्याकडेला कपाटाएवढी खोकी असतात तिथं एकदा, इमारतीच्या भिंतीवर एकदा, घरातल्या मीटरपाशी एकदा. शेगडीला पोचतो तेव्हा तो नुसता फुंकरीएवढा उरतो. थोडक्यात, हत्ती वेशीपर्यंत आणायचा आणि मांजर करून घरात सोडायचा.

"म्हणजे दाब कमी करायचा तुला पगार?" मामंजी म्हणाले. "अगे, हिकडं घरात तर तू आलीस तेव्हापास्नं वाढलाच आहे की."

सासूबाई आतून हसल्या. त्या बोलायच्या कमी, हसायच्या जास्त. मला रागच आला होता, पण त्या हसल्या म्हणून मीही हसले.

त्या घरात एक रीत होती. दुपारची कॉफी झाली की स्वयंपाकघर मिटायचं. तेव्हा सिलिंडर होता. सासूबाई शेवटचा बर्नर बटणानं बंद करायच्या नाहीत. जाळ चालू ठेवून आधी मागं सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायच्या. मग नळीत उरलेला गॅस जळत जळत जायचा, जाळ बुटका होत होत विझायचा, आणि मग त्या बटण फिरवायच्या. नळीत गॅस उरला तर घराला घोर, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं. अशा कितीतरी घरांत करतात; मी पार्किंगमध्ये याच सवयीवर घसा कोरडा करते. कारण बटण फिरवायचं राहिलं, तर जाळ नाही म्हणून गॅस बंद आहे असं वाटतं. पुढच्या वेळी कोणी मागचा व्हॉल्व्ह उघडला की उघड्या बर्नरमधून गॅस चालू. पण सासूबाईंचं बटण कधी राहिलं नाही. त्या बाईच्या हातून कधी काही राहिलंच नाही.

सासूबाई साथीत गेल्या. दोघांनाही ताप एकाच आठवड्यात आला. मामंजी घरात राहिले, त्या रुग्णवाहिकेतून गेल्या त्या गेल्याच. आम्हाला लांबून दाखवल्या, गुंडाळलेल्या. तोंडही नीट दिसलं नाही. मामंजींना तर तेवढंही नाही, ते खोलीत बंद. माझ्या नवऱ्यानं दाराबाहेरून त्यांना सांगितलं. आतून ते म्हणाले, "सरि." तमिळमध्ये बरं, ठीक, समजलं, सगळ्याला एकच शब्द. 

त्यानंतर आम्ही पेरुंगुडीच्या या फ्लॅटमध्ये आलो. काही काळानं आमच्या इमारतीला नळाचा गॅस आला. ती लाइन मीच आखली होती. पेरुंगुडी सखल, कार्तिकातला पाऊस लागला की पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. भिंतीवरच्या रेग्युलेटरला श्वास घ्यायला एक छोटं तोंड असतं. ते पाण्याखाली गेलं की पाण्याचा भार आतल्या पडद्यावर बसतो आणि घरातला दाब नको तितका चढतो. म्हणून ते सगळे रेग्युलेटर वर घ्या म्हणून मी ठेकेदाराशी असं भांडले की तो मला बघून दुसऱ्या जिन्यानं जायला लागला. गेला तर गेला. रेग्युलेटर वरच लागले.

सिलिंडर गेला, पण मामंजींनी रीत सोडली नाही. आता मागं मीटरपाशी पितळी व्हॉल्व्ह होता, तो बंद करायचे. सकाळची कॉफी आणि दुपारची कॉफी हे त्यांचं खातं होतं, त्यात कोणी हात घालायचा नाही. पितळी गाळणीत कॉफीचं दाट डिकॉक्शन उतरायचं, दूध तापायचं, दवरा-टंबलरच्या वाटी-पेल्यात कॉफी फेसाळून माझ्या हातात यायची, आणि मग ते शेगडीपुढं हात मागं बांधून उभे राहून जाळ विझताना बघायचे. जाळ विझला की वळायचे. कधी बटण फिरवायचे, कधी नाही.

मी किती भांडावं! "मामंजी, आधी पुढचं बटण, मग मागचा व्हॉल्व्ह. सगळ्या शहराला हेच सांगते मी आणि माझ्या घरात उलटं."

"तुझ्या सासूनं असं शिकिवलं आहे."

सासूबाईंचं नाव निघालं की माझं तोंड बंद होतं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मी घरात आले की आधी बटणं बघायची, मग व्हॉल्व्ह उघडायचा, अशी सवय लावून घेतली. एवढ्यावर भागलं.

मग ती दुपार. पाऊस सुरू होऊन दोनचार दिवस झाले होते. आमच्याच मागच्या गल्लीत एका इमारतीत दाब चढत होता म्हणून मी गेले होते. कारण निघालं कुंभारीण माशी. रेग्युलेटरच्या त्या श्वासाच्या तोंडात, फाटक्या जाळीतून आत शिरून तिनं मातीचं घर लिंपून ठेवलं होतं. ते साफ केलं, नवी जाळी बसवली, आणि एवढी भिजले होते की तशीच ओलेती ऑफिसला जाण्यापेक्षा घरी जाऊन कपडे बदलू म्हटलं.

आमच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडले आणि थांबले. तो वास. आयुष्यभर ज्याच्या मागं हिंडले तो, माझ्या स्वतःच्या दारातून येत होता.

बेल वाजवायची नाही, बेलमध्ये ठिणगी. फोन पिशवीतच. किल्लीनं दार उघडलं. बाहेरच्या खोलीत पंखा चालू होता, तो चालूच ठेवायचा, बटणाला हात लावायचा नाही. मामंजी बाल्कनीच्या दारापाशी फोनवर बोलून नुकते उठले होते. कुंभकोणमच्या चुलतभावाशी त्यांचं बोलणं म्हणजे तासाची निश्चिंती. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "आलीस? अय्यो, केवढी भिजलीस गे. थांब, कॉफी टाकतो." आणि ते स्वयंपाकघरात गेले. पावसामुळं खिडकी लावलेली. व्हॉल्व्ह त्यांनी दुपारच्या कॉफीसाठी फोन येण्याआधीच उघडला होता. बटण सकाळपासून उघडंच. त्यांनी कट्ट्यावरचा लायटर उचलला, शेगडीवर वाकले.

मी धावले आणि त्यांच्या हातावर फटका मारला. जोरात. लायटर भिंतीवर आपटून खाली पडला.

व्हॉल्व्ह बंद केला, खिडकी उघडली, त्यांना दंडाला धरून ओढत बाल्कनीत आणलं.  नंतर शांत डोक्यानं मी गणित मांडलं. खोलीभर भडका बहुधा उडाला नसता. पण शेगडीवर वाकलेल्या माणसाचा चेहरा आणि धोतर पेटायला खोली भरावी लागत नाही.

मामंजी आपल्या हाताकडे बघत होते. त्यांच्या आयुष्यात त्यांच्या हातावर कोणी मारलं नसेल, त्यांच्या गुरुजींनंतर.

"वास आला नाही तुम्हाला?" मी ओरडले. "एवढा वास! जिन्यापर्यंत आलाय!"

"आला की," ते म्हणाले. "अंमळ आला. मला वाटलं बाहेरनं येतोय."

खोटं. मला लगेच कळलं. आमच्या कामात एक भाग असा असतो की शहराच्या टोकाच्या घरांपर्यंत जाऊन, वास पोचतोय की नाही ते माणसांच्या नाकानं तपासायचं. यंत्र हवेत गॅस मिसळत जातं आणि माणूस सांगतो, आता आला. त्या दिवशी पान नाही, अत्तर नाही, सर्दी असेल त्यानं यायचं नाही. वास न येता "आला" म्हणणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. सगळ्यांना आलाय आणि आपल्यालाच नाही, हे सांगायला माणसाला लाज वाटते. त्यांचा चेहरा मला पाठ आहे, आणि तो चेहरा माझ्यासमोर बाल्कनीत उभा होता.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. डोळे मिटा म्हटलं. घरातला गॅस निघून गेल्यावर आत जाऊन हिंगाची डबी आणली आणि नाकाखाली धरली. आमच्या घरातला हिंग म्हणजे बंद डबीतूनही ओरडतो.

मामंजींनी दीर्घ श्वास घेतला. थोडं हसले. "कॉफी," म्हणाले. "नवीन पूड."

मला वाटलं होतं मी रागावेन. मला रडूच आलं. मी हुंगायला काही आणणार, तर कॉफीच आणणार, असा बिचाऱ्यांनी अंदाज बांधला होता. डोळे उघडून त्यांनी डबी बघितली आणि मान खाली घातली.

"कधीपासून, मामंजी?"

"त्या तापापास्नं."

म्हणजे तेव्हापासून इतक्या वर्षांत रोज सकाळी त्या माणसानं आम्हाला कॉफी करून दिली होती ती रंगावर, फेसावर, हाताच्या सवयीवर. टंबलर माझ्या हातात देताना "वास बघ" म्हणायचे. मी म्हणायचे, वा. त्यांना तेवढं ऐकायचं असायचं. आणि मी, शहराच्या नाकाची काळजी करणारी, एका घरात राहून मला पत्ता नाही.

"सांगायचं नाही का?"

"सांगून? तुझा नवरा मला चुलीपास्नं उठिवला असता."

ते खरं होतं. नवऱ्यानं संध्याकाळी तेच केलं. माझा नवरा बँकेत आहे, अण्णा नगरच्या शाखेत. स्वभावानं गरीब, पण घाबरला की हुकूम सोडतो. उद्यापासून अप्पांनी गॅसला हात लावायचा नाही. इंडक्शन आणू, त्यावर काय ते करा. मामंजी "सरि" म्हणाले. मी इंडक्शन आणलं. त्यांनी त्यावर एकदा दूध तापवलं, भांडं उतरवलं, आणि त्या काळ्या काचेकडे बघत हात मागं बांधून उभे राहिले. विझायला तिथं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी खोलीतून बाहेरच येईनात. मी कॉफी नेऊन द्यायची. ते अर्धी प्यायचे, "बहु बरी" म्हणायचे, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. अंगातलं काही काढून घेतल्यासारखा माणूस दिसायला लागला. मला ते बघवेना. मी मनाशी म्हटलं, हातावर मारलंस ते बरोबर मारलंस, पण आता हे काय चालवलंयस?

दरम्यान अड्यारला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. भला माणूस होता. वेगवेगळ्या कुप्या हुंगायला दिल्या, नाकात नळी घालून बघितलं. मग तमिळमध्ये म्हणाला, इतकी वर्षं गेली आहेत, आता परत येईल असं मला वाटत नाही, ताता. मामंजींना तो ताता म्हणाला, म्हणजे आजोबा. मला तो अम्मा म्हणाला. त्या दिवशीचं सगळं माझ्या डोक्यात कालवलं गेलंय. मामंजींनी फक्त एक विचारलं. "थोडकं पण नाई?" डॉक्टरांना मराठी कळत नव्हती. मी तमिळमध्ये विचारलं. त्यांनी मान हलवली. परत येताना ऑटोमध्ये मामंजी एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटलं ते कॉफीचं दुःख करतायत.

मी विचार केला तो माझ्या धंद्याचा केला, मला दुसरा येत नाही. रस्त्याकडेच्या त्या खोक्यात आम्ही रेग्युलेटर एक लावत नाही, एकामागं एक दोन लावतो. एक काम करतो. दुसरा नुसता बघत बसतो, पूर्ण उघडा, काही न करता. पहिला चुकला आणि दाब चढायला लागला, की दुसरा हळूच ताबा घेतो. घरात कोणाला कळतसुद्धा नाही. म्हणून पहिल्याला आम्ही काढून टाकत नाही.

मी मामंजींच्या खोलीत जाऊन त्यांना हे सांगितलं. सकाळची कॉफी तुम्हीच करायची, गॅसवरच. मी शेजारी उभी राहणार. काही करणार नाही, नुसती उभी. मी घरात नाही तर व्हॉल्व्ह बंद, त्याला कुलूप, चावी माझ्याकडे.

"नुसती उभी?" ते भिंतीकडूनच म्हणाले. "तू? तोंड मिटून?"

"तोंडाचं नाही बोलले मी."

बऱ्याच दिवसांनी ते हसले. नवऱ्यानं थोडी कुरकुर केली. मी त्याला म्हटलं, गॅसचं मला शिकवू नकोस, मी तुला व्याजदर शिकवते का? 

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. मी आधी बटणं बघायची, व्हॉल्व्ह उघडायची, ते लायटर लावायचे. मी कट्ट्याला टेकून उभी. पहिल्या दिवशी डिकॉक्शन उतरत असताना ते म्हणाले, "कसा येतोय?"

"काय?"

"वास गे."

मला वासाचं वर्णन करता येत नाही. ऑफिसात आम्ही नाही, पुसट, स्पष्ट, एवढंच म्हणतो. मी म्हटलं, "चांगला येतोय." ते म्हणाले, हे तर इंजिनच्या ड्रायव्हरनं गाडी चांगली आहे म्हटल्यासारखं झालं. नीट सांग. मग मी शोधून शोधून सांगायला लागले. आज जरा जळका आहे, कडेला लागलेल्या चपातीसारखा. आज चिकोरी जास्त पडलीय, ओल्या लाकडाचा येतोय. दुधाचा आधी येतो, मग कॉफीचा त्याच्यावर चढतो. खालच्या मजल्यावर कोणीतरी मुरुंग्याचं, आपल्या शेवग्याचं, सांबार ठेवलंय. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात, नाकात हुळहुळतंय. ते सगळं डोळे मिटून ऐकायचे. मध्येच दुरुस्त करायचे. "मुरुंगा नाई, मुळा असेल, नीट हुंगून बघ." तुमचं नाक गेलं पण ऐट गेली नाही, असं मी म्हटलं की खुश व्हायचे. कॉफी झाली की जाळ चालू ठेवून मागचा व्हॉल्व्ह बंद करायचे, जाळ विझेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहायचो, आणि मग बटण मी फिरवायची. ते त्यांच्या रीतीत बसवलं आम्ही.

माझ्या आयुष्यात मी कोणाशी एवढं बोलले नसेन. सांगलीला माझे वडील मी लहान असताना गेले. हा माणूस मला बाप वाटायला लागला होता, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर काहीतरी तिरकस बोलून माझी फजिती केली असती.

एका रविवारी कॉफी झाली, जाळ विझला, मी बटण फिरवलं. नवरा भाजी आणायला गेला होता. मामंजी म्हणाले, "अंमळ माझ्या खोलीत ये."

खोलीत त्यांनी स्टीलचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून, धोतरांच्या मागून, प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. तोंड पिळून घट्ट गाठ मारलेली, तिच्यावर दुसरी पिशवी, तिलाही गाठ. आत काहीतरी हिरवट सुती घडी केलेलं.

"काय आहे हे?"

"तुझ्या सासूचं. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी बदलली ती साडी. खुर्चीवर टाकून गेली."

मी खाली बसले.

"तुम्ही लोक धुवायला टाकाल म्हणून मी तेव्हाच बांधून ठेवली," ते म्हणाले. "तेव्हाच वास नव्हता मला. तापात जातो, येतो परत, असं सगळे म्हणत होते. म्हटलं, नाक आलं की उघडू. आधी उघडली तर उडून जाईल, आणि मला कळणार नाई. म्हणून ठेवली. आता डाक्टर म्हणाला येणार नाई." पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "तू बघ."

ऑटोमध्ये ते कशानं गप्प होते, ते मला आत्ता कळलं.

"मामंजी, राहू द्या ना. बांधलेलीच राहू दे."

"अगे, शहरभर हुंगत फिरतीस. माझ्याकरता एवढं नाई करणार?"

गाठी सुटेनात. मी कात्री मागितली, ते नको म्हणाले. नखांनी उकलत बसले. बाहेरची सुटली, मग आतली. त्यांनी उठून पंखा बंद केला, खिडकी लावली आणि माझ्यासमोर पलंगाच्या काठावर येऊन बसले. हात मांडीवर. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

मी पिशवीतच तोंड घातलं आणि श्वास घेतला.

सासूबाईंचा वास मला माहीत होता. खोबरेल तेल, धुतल्या हातांना राहिलेली हळद, सकाळच्या गजऱ्याचा दुपारी उरलेला तो कोमट वास, आणि यातलं काहीही नाही असा आणखी एक, त्यांचा स्वतःचा. मी एकदा आजारी पडले होते तेव्हा त्या मला टेकवून धरायच्या, तेव्हा माझं नाक त्यांच्या खांद्यात असायचं. तो मी कुठंही ओळखला असता.

तो नव्हता. प्लॅस्टिकचा होता. बंद राहिलेल्या दमट कापडाचा होता, चेन्नईच्या कपाटांत येतो तो बुरशीचा. मी साडी बाहेर काढली. पदर हुंगला. निऱ्यांचा भाग हुंगला. गळ्याशी येतो तो काठ चेहऱ्यावर दाबून धरला, इतका वेळ की मला श्वास पुरेना. काही नाही. आम्ही पुसट म्हणतो तेवढाही नाही.

मान वर केली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. एक शब्द. पण रोज सकाळी हा माणूस माझ्या नाकावर भरवसा ठेवून शेगडी पेटवत होता. तिथं खरं आणि इथं खोटं मला जमेना.

"नाही हो, मामंजी," मी म्हटलं. "दमट कापडाचा येतोय नुसता. आई नाहीत यात."

 "सरि" म्हणतील असं मला वाटलं, तेही म्हणाले नाहीत. मग अगदी हळू, मला सांगत नसल्यासारखे म्हणाले, "मला वाटत होतं, ती हितं आहे. माझंच नाक गेलं आहे."

मी रडायला लागले. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, लहान पोरीसारखी. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तसाच राहिला. मी किती वेळा चुकलं चुकलं म्हटलं, ते "नाई गे, नाई" म्हणत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेच मला सहन होत नव्हतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "बांध परत."

"आता कशाला, मामंजी?"

"बांध. गाठ घट्ट मार."

मी साडीची होती तशीच घडी केली, पिशवीत घातली, तोंड पिळलं. हाताला घाम होता, गाठ निसटत होती. दोनदा निसटली. त्यांनी आपलं बोट पिळावर दाबून धरलं, तेव्हा ती बसली. मग त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली आणि धोतरांच्या मागं होती तिथं ठेवून दिली.